दिवा लावू नये

कर्णिकसाहेबांची एक सवय होती. ते मुंबईहून यायचे, गाडीतून उतरायचे, कोट झटकायचे आणि समोर जो दिसेल त्याला म्हणायचे, "चला, बघू या काय दिवे लावलेत!" तो शिपाई असला तरी. रोहिणी बडेकरनं चार वर्षांत हे वाक्य सतरा वेळा ऐकलं होतं. येत्या शुक्रवारी अठराव्यांदा ऐकायचं होतं, आणि बहुतेक शेवटचं.

कारण एकेचाळीस नंबर मरत होता.

एकेचाळीस नंबर म्हणजे रोहिणीचं औषध. त्याला धड नाव अजून मिळालं नव्हतं. आधीचे चाळीस निकालात निघाले म्हणून हा एकेचाळीस. शेवाळाच्या पुडीतला हिरवा रंग काढायचा, त्याच्यावर दोन-चार रासायनिक संस्कार करायचे आणि काळपट हिरवी भुकटी मिळवायची, हा त्याचा जन्म. ते करायचं काय, हे रोहिणी तिच्या चुलत भावंडांना असं सांगायची: हे औषध अंगात जाऊन कर्करोगाच्या गाठीत मुक्काम करतं आणि निजून राहतं. मग डॉक्टरांनी त्या गाठीवर लाल उजेड टाकला की ते खडबडून जागं होतं आणि ती गाठ जाळून टाकतं. जिथं उजेड पडला नाही तिथं ते निजलेलंच राहतं. सुरी नाही, हाड कापणं नाही. भावंडं म्हणायची, "भारी हाय की गं!" आणि मग विचारायची, लग्नाचं काय केलंस.

तिला ते हाड कापणं नको होतं, त्याचं कारण होतं भिवपुरीची जना मावशी. मावशीचा जबडा उजव्या बाजूनं अर्धा काढलेला. मिश्रीनं घात केला होता. एकेकाळी लग्नघरात सगळ्यांच्या वर आवाज चढवून उखाणे घेणारी बाई, आता पदर तोंडावर ओढून मागच्या दारी बसायची आणि पंगतीला यायचीच नाही. रोहिणीला त्या पदराचा राग होता. मावशीचा नव्हे, पदराचा. चार वर्षं ती ज्या हट्टानं खोपोलीच्या शिळफाट्यापुढच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत जात होती, तो हट्ट तिथून आला होता.

आता अडचण अशी की निजणारं औषध बाटलीत तरी नीट निजायला हवं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत, कपाटात पडून असताना, महिनोन्‌महिने. त्यासाठी अंधारखोली होती. कॉरिडॉरच्या टोकाला, बिनखिडकीची, दाराला काळा पडदा. आत एका मांडणीवर एकेचाळीस नंबरच्या द्रावणाच्या बारा काचेच्या कुप्या ओळीनं. तपासणीपुरता एक हिरवा झिरोचा बल्ब, कारण हे औषध लाल आणि निळा उजेड घटाघटा पितं, हिरव्याला फारसं विचारत नाही. रोज सकाळी रोहिणी हिरवा बल्ब लावून एका कुपीतून दोन थेंब घ्यायची, मशीनवर मोजायची आणि वहीत आकडा टाकायची.

नियम साधा होता. आठ आठवड्यांनी शंभरातले पंचाण्णव उरले तर एकेचाळीस पुढच्या इयत्तेत. आठ आठवडे येत्या शुक्रवारी भरत होते आणि बुधवारी सकाळी आकडा होता सत्तर.

उजेडात औषध तुटतं हे एक वेळ समजण्यासारखं आहे. ते उजेडासाठीच बनलेलं. पण अंधारातही तुटायला लागलं तर त्याला कोण वाचवणार? कर्णिकसाहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "रोहिणी, अंधारातही टिकत नसेल तर शुक्रवारी मी फाइल बंद करतो. तुम्ही पुण्याच्या मलमाच्या विभागात जा. तिकडे माणूस हवाच आहे." मलम भेगांवरचं होतं. रोहिणीला भेगांबद्दल काही वैर नव्हतं, पण चार वर्षांनंतर टाचांपाशी येऊन थांबायचं म्हणजे जिवावर आलं होतं.

बुधवारी संध्याकाळी ती साडेपाचला नेहमीसारखी निघाली. स्कूटीवर खोपोली, पळसदरी करत भिसेगावात घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरून बसली. समोर अप्पा, म्हणजे तिचे वडील, शेंगा सोलत होते. अप्पा तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते, पण निवृत्त झाल्याचं अजून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. घरात येणारं वर्तमानपत्र ते लाल पेन घेऊन वाचत.

"ही काय पायऱ्यांची चढण आहे?" त्यांनी कागदाकडे पाहून विचारलं.

"उतरण आहे, अप्पा. माझी."

"उतरण काय, पायऱ्याच आहेत. हे बघ. खाली, खाली, खाली, मग जरा थांबतंय. परत खाली, खाली."

"ते सोमवारचे आकडे. रविवारी मी मोजत नाही. शनिवारनंतर एकदम सोमवारी मोजते."

"मग दोन दिवसांचा फरक एक दिवसाएवढाच कसा?" अप्पांनी शेंग तोंडात टाकली. "तुझं औषध रविवार पाळतं की काय?"

रोहिणी हसली. मग हसायची थांबली. कागद तिनं जवळ ओढला. रोज पाऊण टक्का जात होता. शनिवार सकाळ ते सोमवार सकाळ, दोन दिवसांत दीड जायला हवा होता. गेला होता पाऊणच. एकदा नाही, जवळजवळ दर आठवड्याला.

आणि मध्ये एक अख्खा आठवडा रेघ सपाट होती. गौरी-गणपतीचा आठवडा. त्या वेळी तिनं मशीनवर संशय घेऊन मेकॅनिकला बोलावलं होतं. मेकॅनिक येऊन, दोन कप चहा पिऊन, मशीन एकदम ठणठणीत असल्याचं सांगून गेला होता.

"अप्पा, याला रविवारची सुटी आहे. आणि गणपतीचीसुद्धा."

"चांगल्या वळणाचं आहे," अप्पा म्हणाले.

पण रोहिणीचं डोकं आता सुटलं होतं. रसायनाला वार कळत नाही, वार माणसाला कळतो. रविवारी प्रयोगशाळा बंद असते हे खरं, पण गणपतीत फक्त एक दिवस बंद होती. बाकीचे दिवस ती स्वतः जात होती, मशीन चालू होतं, एसी चालू होता. मग त्या आठवड्यात काय नव्हतं? ती डोळे मिटून तो आठवडा आठवत बसली आणि तिला आठवली ती धूळ. कॉरिडॉरमध्ये पावलं उमटतील एवढी धूळ साचली होती. कचऱ्याचे डबे वाहत होते. कारण इंदूबाई गावाला गौरी आणायला गेल्या होत्या आणि कंत्राटदारानं बदली माणूस पाठवलाच नव्हता.

इंदूबाई रोज पाचला यायच्या आणि साडेसातला जायच्या. रोहिणी साडेपाचला निघायची. म्हणजे दोघींची ओळख अर्ध्या तासाची होती. त्यात इंदूबाई गालात मिश्री धरून हसायच्या, रोहिणी मिश्रीवरून रागवायची आणि इंदूबाई "उद्यापास्नं सोडते" म्हणायच्या. तो उद्या तीन वर्षं यायचा होता.

पण इंदूबाई अंधारखोलीत काय करणार? दारावर पाटी होती. साधीसुधी नव्हे, खोपोलीच्या पेंटरकडून लाल अक्षरांत करून घेतलेली मराठी पाटी. ती पाटी म्हणजे रोहिणीचा अभिमान. सुरक्षा विभागानं इंग्रजी पाटी पाठवली तेव्हा ती भांडली होती. म्हणाली, झाडणारे, पुसणारे, वायरिंग करणारे सगळे मराठी वाचतात, पाटी काय भिंतीला वाचायला लावता? आणि मजकूर थेट अप्पांकडून आणला होता. ती 'लाइट लावू नये' लिहिणार होती, तर अप्पा केवढे उखडले होते. "लाइट? आपल्या भाषेत दिव्यांचा दुष्काळ पडलाय का?" त्या दिवसापासून दारावर होतं: येथे दिवा लावू नये.

गुरुवारी रोहिणी साडेपाचला निघालीच नाही. स्कूटी मागच्या शेडमध्ये नेऊन लावली, मोबाइल बंद केला आणि काळा पडदा सारून अंधारखोलीत एका स्टुलावर जाऊन बसली. हिरवा बल्बही लावला नाही. आपल्याच प्रयोगशाळेत आपणच चोरासारखं बसायचं म्हणजे जरा गंमतच होती. पावणेसहा झाले. सहा झाले. बाहेर बादलीचा आवाज आला, फरशीवर पोछा फिरला, कुणीतरी गुणगुणलं. सव्वासहाच्या सुमारास पडदा हलला.

टक्‌.

छताची ट्यूब दोनदा फडफडून लख्ख पेटली. बारा कुप्या हिरव्यागार चमकल्या. दारात इंदूबाई, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, दोन्ही हात जोडलेले. ओठ हलत होते. मग त्यांनी डोळे उघडले.

"आगं बया बया बया!" इंदूबाई मागं कोलमडल्या, बादली आडवी झाली आणि पाणी थेट रोहिणीच्या चपलांपर्यंत आलं. "म्याडम? तुमी? काळोखात काय बसल्याव? जीव गेला आसता ना माजा!"

रोहिणीनं आधी उडी मारून बटण बंद केलं. पुन्हा काळोख झाला, त्यात इंदूबाई पुन्हा ओरडल्या. शेवटी ती त्यांना हाताला धरून बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन आली.

"इंदूबाई, तुम्ही रोज लावता?"

"रोज."

"आणि बंद कधी करता?"

"जाताना. सगळं पुसून झालं का. सात, सव्वासात." इंदूबाईंना अजून धाप लागली होती. "आवो, तिन्हीसांजंला घरातली येक बी खोली काळोखी ठेवू नाय. लक्ष्मी दारातनं परत जाते. बाकी सगळ्या खोल्यांत आसते लाइट, हितंच ठार काळोख. मला मेलं बघवंना."

रोहिणीला त्या क्षणी भयंकर संताप आला. आठ आठवडे. रोज तासभर. त्याआधीचे एकोणचाळीस आणि चाळीस नंबरही याच खोलीत मेले होते, देव जाणे कशानं. तिनं दाराकडे बोट केलं. 

"ही पाटी दिसत नाही तुम्हाला? वाचता येत नाही?"

आता मात्र इंदूबाई दुखावल्या. चौथीपर्यंत शिकल्याचा त्यांनाही अभिमान होता.

"वाचता येतंय की. रोज वाचते. येथे दिवा लावू नये." त्यांनी एकेक अक्षर स्वच्छ वाचून दाखवलं. "मंग? मी कुठं दिवा लावलाय?"

"आत्ता लावलात तो काय होता?"

"ती लाइट!"

 बादली गडगडत भिंतीला लागली आणि थांबली.

"म्याडम, दिवा म्हंजे दिवा," इंदूबाई लहान मुलाला समजवावं तसं म्हणाल्या. "तेल, वात. पैल्या दिवशी मी पिशवीतनं निरांजन आणलं व्हतं. हितं आले तर पाटी. म्हटलं बरोबर हाय, हितं स्पिरिट-बिरिट आसतंय, भडका उडायचा. तेवढी अक्कल हाय मला. निरांजन परत नेलं नि लाइटीवर भागवलं. तुमच्या पाटीचा मी कवा आपमान केला नाय."

रोहिणी मटकन खाली बसली, ओल्या फरशीवर. तिला हसू आलं की रडू, हे तिचं तिलाच कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. कारण बाई शंभर टक्के खरं बोलत होती. अख्ख्या खालापूर तालुक्यात बटण दाबून जो लागतो त्याला कुणी दिवा म्हणत नव्हतं. लाइट लावतात, लाइट जाते, लाइट येते, लाइटचं बिल येतं. दिवा देवापुढं असतो. ती स्वतः घरी काय म्हणते? "अप्पा, लाइट लावा, डोळे फोडू नका." तिनं पाटीत लिहिलं होतं ते मराठी होतं, पण इथं कुणी बोलायचं ते नव्हतं.

आणि मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि ती तशीच ओल्या कपड्यांनी उठून उभी राहिली. एकेचाळीस अंधारात मरत नव्हता. तो अंधारात होताच कुठे? जेव्हा जेव्हा खरा अंधार मिळाला, रविवारी आणि गणपतीत, तेव्हा तेव्हा त्यानं एक कणही गमावला नव्हता. तिनं इंदूबाईंना घट्ट मिठी मारली. इंदूबाईंना वाटलं, म्याडमच्या डोक्यावर परिणाम झाला.

"मला काडून टाकतील का वो?" त्यांनी हळूच विचारलं. "कंत्राटदार लई वंगाळ हाय. गेल्या साली ठमीला येका फुटक्या बाटलीपाई घरी बसवली त्यानं."

"तुमचं नाव कुठेही येणार नाही," रोहिणी म्हणाली. "फक्त उद्यापासून या खोलीत लाइट नाही लावायची. दिवा नाही, लाइट. कळलं?"

"कळलं," इंदूबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा काही बरा दिसत नव्हता.

शुक्रवारची बैठक चारची होती. कर्णिकसाहेब पनवेलच्या अलीकडे अडकले आणि सव्वापाचला पोहोचले. गाडीतून उतरले, कोट झटकला आणि रोहिणीला म्हणाले, "चला, बघू या काय दिवे लावलेत!"

रोहिणीनं त्यांना बैठकीच्या खोलीकडे नेलं.

बैठकीच्या खोलीचे पडदे ओढलेले, प्रोजेक्टर चालू. भिंतीवर तो पायऱ्यांचा आलेख. साहेबांबरोबर मुंबईचे दोघं होते, ते काही बोलत नव्हते, नुसतं लिहीत होते. रोहिणीनं सगळं सांगितलं. रविवार सांगितला, गणपती सांगितला, तासाभराचा उजेड सांगितला. खरा अंधार मिळाला तेव्हाची सपाट रेघ लाल रंगात दाखवली आणि आणखी सहा आठवडे मागितले.

कर्णिकसाहेबांनी आलेखावरचे रविवार एकेक करून मोजले.

"मुद्दा पटण्यासारखा आहे," ते म्हणाले. "पण रोहिणी, उद्या माझे वरिष्ठ विचारतील. आकडे हवे तसे आले नाहीत की कुणीही म्हणेल, खोलीत उजेड येत होता. लाइट लावत होतं कोण?"

"ट्यूब मी काढून ठेवायला हवी होती, ती काढली नाही. कुप्या काळ्या काचेच्या मागवायला हव्या होत्या. खोली अंधारीच आहे, कशाला खर्च, म्हणून मी मागवल्या नाहीत. पाटीही मीच लिहिली आणि ती चुकीची लिहिली. चूक माझी आहे, सर."

"या तीन झाल्या. मी विचारतोय चौथी. बटण कुणी दाबलं? त्या माणसाला माझ्यासमोर आणा, त्यानं सांगू दे. नाहीतर माझ्याकडे नुसता तुमचा शब्द उरतो."

रोहिणीनं मनात तोलून पाहिलं. एका बाजूला चार वर्षं आणि मावशीचा पदर होता. दुसऱ्या बाजूला फुटक्या बाटलीपायी घरी बसलेली ठमी. तिनं इंदूबाईंना शब्द दिला होता. भेगांचं मलम डोळ्यांपुढे दिसत होतं.

"नाव नाही सांगणार, सर," ती म्हणाली. "फाइल बंद करायची तर करा."

मुंबईच्या दोघांची पेनं थांबली. कर्णिकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोरची फाइल ओढून त्यांनी पेनाचं टोपण उघडलं.

तेवढ्यात दार उघडलं.

टक्‌.

खोलीतल्या सहाच्या सहा ट्यूब पेटल्या. भिंतीवरचा आलेख पुसल्यासारखा नाहीसा झाला. दारात इंदूबाई उभ्या होत्या, पदर डोक्यावर, डोळे मिटलेले, हात जोडलेले.

आणि रोहिणीनं पाहिलं, कर्णिकसाहेबांनीही हात जोडले होते.

पेन तसंच बोटांत धरून, मान किंचित झुकवून, अगदी सहज. मुंबईच्या दोघांपैकी एकाचे हात छातीपर्यंत आले होते, दुसऱ्याचे टेबलावरून उचललेले. सव्वासहा वाजले होते. क्षणभर त्या खोलीत कुणीच साहेब नव्हतं.

इंदूबाईंनी डोळे उघडले आणि एवढी माणसं पाहून जीभ चावली. "आगं बया! मीटिंग चालू हाय व्हय? म्याडमनी सांगितलं तिकडं लावायची नाय, म्हणून म्हटलं निदान हितं तरी..." बोलता बोलता त्यांना काय बोललो ते उमगलं आणि पदराचं टोक तोंडात गेलं.

कर्णिकसाहेब आपल्या जोडलेल्या हातांकडे बघत होते. ते हात कधी जोडले गेले, हे त्यांनाही आठवत नसावं. हळूच त्यांनी ते खाली घेतले.

"तुम्हीच का रोज लावता?" त्यांनी विचारलं. आवाज साहेबाचा राहिला नव्हता.

"व्हय साहेब. गणपतीत नव्हते सात दिस. नि रईवारी सुटी." इंदूबाईंनी रोहिणीकडे पाहिलं. "म्याडमचा काय दोष नाय. पाटीवर दिवा लिवलंय. मी लाइट लावली."

साहेबांना ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते एवढे हसले की चष्मा परत काढावा लागला. मुंबईचे दोघंही हसले, कारण आता हसायला परवानगी होती.

"सात दिवस आणि रविवार," साहेब म्हणाले. "तुमच्या आलेखाशी तंतोतंत जुळतंय, रोहिणी. साक्षीदार मिळाला. सहा आठवडे दिले. ट्यूब काढा, काळ्या कुप्या मागवा." मग इंदूबाईंकडे वळून, "कंत्राटदाराला यातलं काही कळायची गरज नाही. चार वर्षांत या इमारतीत खरोखर दिवे लावणारं कुणीतरी भेटलं."

त्या रात्री रोहिणीनं अप्पांना सगळं सांगितलं. मग लाल पेन उघडून एका कागदावर त्यांनी स्वतःलाच गुण दिले: दहापैकी शून्य. "तीस वर्षं शिकवलं आणि एका ओळीत नापास झालो," ते म्हणाले. नवी पाटीही त्यांनीच लिहून दिली, आधी शेजारच्या भागूबाईंना वाचून दाखवून, कळतं का ते विचारून. 'इथं लाइट लावायची नाय. दिवा पन नाय. बटनाला हातच लावायचा नाय.' त्यातल्या 'पन'वर त्यांचं लाल पेन दोनदा आलं आणि दोनदा परत गेलं.

एक प्रश्न मात्र उरला होता. इंदूबाईंना तिन्हीसांजेला ती काळोखी खोली सहन होत नव्हती. तिच्यासमोरून जाताना त्या मान दुसरीकडे करायच्या. शेवटी रोहिणीनं त्यांना आत नेऊन हिरवा झिरोचा बल्ब दाखवला. या उजेडाचा औषधाला त्रास नाही, म्हणाली, हा तुम्ही रोज पाच मिनिटं लावत जा. इंदूबाईंनी त्या मिणमिणत्या हिरव्या उजेडाकडे संशयानं पाहिलं.

"ह्यो देवाला चालतो का?"

"लक्ष्मीला वाट दिसली म्हणजे झालं ना?"

इंदूबाईंनी विचार केला, आणि चालतो असं ठरवलं.

सहा आठवड्यांनी आकडा आला अठ्ठ्याण्णव. आलेखावर रेघ अशी सरळ होती की अप्पांनी पट्टी लावून पाहिली.

आणि डिसेंबरच्या एका संध्याकाळी, भात घरात येऊन शेतं रिकामी झाली होती तेव्हा, एकेचाळीस नंबरला पहिल्यांदा उजेड दाखवायचं ठरलं. माणसाला नव्हे, त्याला अजून वर्षं होती. काचेच्या दोन तबकड्यांत तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवलेल्या, दोन्हींत औषध मुरलेलं. एक तबकडी काळ्या कागदात गुंडाळून बाजूला ठेवलेली, दुसरी लाल दिव्याच्या खाली. खरं तर हे काम सकाळी करायचं होतं. रोहिणीनं मुद्दाम सव्वासहापर्यंत थांबवून ठेवलं आणि इंदूबाईंना अंधारखोलीत बोलावलं.

जना मावशी दुपारीच भिवपुरीहून आली होती आणि बाहेरच्या बाकावर बसली होती. पदर तोंडावर होता, पण ती आली होती. आपल्याला याचा काही उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं. रोहिणीनं ते तिच्यापासून लपवलं नव्हतं. "मला नसू दे," मावशी जड जिभेनं म्हणाली होती, "दुसरीला तं होईल."

रोहिणीनं मावशीला हात धरून आत आणलं आणि हिरव्या बल्बच्या उजेडात दोघींना तो लाल दिवा दाखवला. इंदूबाईंनी मावशीकडे पाहिलं, पदराखालच्या त्या खोलगट गालाकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन चूळ भरून आल्या. गालातली मिश्री थुंकून आल्या होत्या. उद्या परत लावतील की नाही, सांगता येत नव्हतं.

"आता लावा, इंदूबाई," रोहिणी म्हणाली. 

इंदूबाईंचा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. एकदा फसलेली बाई होती, दुसऱ्यांदा फसणार नव्हती.

"आदी सांगा म्याडम. दिवा का लाइट?"

रोहिणीनं मावशीकडे पाहिलं. मावशीचा पदर तोंडावरून खाली आला होता आणि तिनं दोन्ही हात जोडले होते.

"दिवा," रोहिणी म्हणाली. "आज दिवाच लावा."

इंदूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि बटण दाबलं.